सोमवारपासून येऊ नको

कर्नाटकातल्या तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत जुलै २०२२ मध्ये मेणबत्तीच्या कारखान्याला आग लागली, कामगारांचे जीव गेले. अशा दुर्घटनेनंतर मदत जाहीर होते, गुन्हे दाखल होतात. जे वाचतात त्यांची नोकरीही त्याच दिवशी गेलेली असते. तिची विचारपूस कोण करतो? कारखाना कोणत्याही कारणाने बंद पडो, वर्षभर सलग राबलेल्याला भरपाई द्या, असे कायदा कित्येक दशके सांगत आला आहे. मालकाच्या हाताबाहेरचे कारण असले, तर ती तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरती मर्यादित राहते, एवढेच.

लहान कारखान्यात नोकरी जाते ती मात्र गुपचूप. शनिवारी हिशेब हातावर ठेवायचा आणि ‘सोमवारपासून येऊ नको’ म्हणायचे. जरा शिकलेला असेल, तर त्याच्याकडून राजीनामा लिहून घ्यायचा. कागदोपत्री माणूस स्वतःहून गेला, की महिन्याची नोटीस नाही आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगारही नाही. दहा वर्षे काढलेल्याचे पाच महिन्यांचे वेतन चार ओळींच्या अर्जात बुडते. ही सरळ लूट आहे. ऑर्डरी आटल्या, मोठ्या कंपन्यांनी बिले थकवली, ही लहान उद्योजकाची अडचण खरी. पण तिची भरपाई कामगाराच्या खिशातून का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, याबद्दलचा कामगार संघटनांचा संताप रास्तच आहे. मात्र पत्र्याच्या शेडमधल्या पंधरा-वीस जणांना शंभराच्या मर्यादेचाही आधार कधी नव्हता. त्यांच्या कामाच्या तरतुदी वेगळ्याच आहेत. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे प्रत्येकाला नेमणूकपत्र मिळाले पाहिजे. काढले असो वा राजीनामा दिला असो, दोन कामकाजी दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता झाला पाहिजे. यात नेमणूकपत्र सर्वांत मोलाचे, कारण त्यावाचून आपण किती वर्षे काम केले हेच सिद्ध करणे कामगाराला अवघड जाते.

कर्नाटकच्या कामगार खात्याने तारिहाळपासून सुरुवात करावी. अधिकाऱ्यांनी शेडमध्ये जाऊन नेमणूकपत्रे तपासावीत, ती कामगाराला वाचता येणाऱ्या भाषेत आहेत का ते पाहावे. कन्नड, मराठी, हिंदी, जी असेल ती. आणि राजीनामा दिल्यावर आठवडाभरात तो मागे घेण्याची मुभा नियमातच लिहून द्यावी.