पंचनाम्यात न बसणारे वादळ

ऑक्टोबर २०१९. दिवाळीच्या तोंडावर मी हर्णैला एका जुन्या कर्जदाराच्या होडीवर होतो. त्याच्या पहिल्या यांत्रिक नौकेचे कर्ज माझ्याच सहीने मंजूर झाले होते. ‘एकदा तरी समुद्रात चला, साहेब,’ हे त्याचे आमंत्रण निवृत्तीनंतर स्वीकारले. पहाटे निघालो. सुवर्णदुर्ग मागे पडतो न पडतो तोच तांडेलाने दक्षिणेकडे पाहिले आणि इंजिन मंद केले. पाणी फुगत होते. ‘जाळं टाकायचं नाय,’ एवढेच तो म्हणाला. हर्णैचे बंदर उघडे, म्हणून होडी आंजर्ल्याच्या खाडीत नेली. डिझेल जळले, बर्फ वितळला, खलाशांची मजुरी अंगावर आली. मासळी शून्य.

ते ‘क्यार’ वादळ होते. आपल्या किनाऱ्यावर ते आदळलेच नाही. समुद्रातच अक्राळविक्राळ होऊन ओमानच्या दिशेने सरकले. पाठोपाठ ‘महा’ आले. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाणारा हा समुद्र आता तापतो आहे, आणि ऊबदार पाणी हेच वादळाचे इंधन.

नोव्हेंबर २००९ च्या ‘फयान’मध्ये कोकणातल्या होड्या भर समुद्रात सापडल्या, माणसे गेली. आज इशारे वेळेवर मिळतात, माणसे वाचतात. हे यश मोठेच आहे. पण वाचलेल्या माणसाच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब कुणी मांडायचा?

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची मासेमारी बंदी बँकेला ठाऊक असते. हप्ते त्याप्रमाणे बांधता येतात. इशाऱ्याचे दिवस कोणत्याच तक्त्यात नसतात. असे तक्ते मीही बांधले आहेत. एका वर्षी याच माणसाचे हप्ते थकले, तेव्हा त्याने वादळाचे कारण सांगितले. मी विचारले होते, ‘होडी तर शाबूत आहे ना?’

आपली मदतीची व्यवस्था अजून बहुधा हाच प्रश्न विचारते. फुटलेल्या होडीचा पंचनामा होतो. हुकूम मानून खाडीत उभ्या राहिलेल्या होडीचा होत नाही. ‘क्यार’ आणि ‘महा’नंतर राज्य सरकारने विशेष मदत जाहीर केली, पण ती पुढच्या वर्षी, आणि अपवाद म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. स्वागतच आहे. मात्र शेतकऱ्याचे आडवे झालेले पीक तलाठ्याला दिसते. न पकडलेली मासळी कुणाला दाखवणार?

खरे तर दाखवण्याची गरजही नाही. इशाऱ्याच्या तारखा हवामान खात्याच्या दप्तरात आहेत, नौकांची नोंदणी सरकारकडे आहे. दोन वह्या शेजारी ठेवल्या की बुडालेले दिवस मोजता येतात, आणि तेवढ्या दिवसांनी हप्ता पुढे ढकलता येतो. यात फुकट कर्जमाफी कुठेच नाही.

हे केले नाही, तर हप्त्याच्या धाकाने एखादा तांडेल इशारा ऐकूनही होडी बाहेर काढील. मग पंचनामा नक्कीच होईल.