सर्पगंधा आणि ‘निर्धोक’ वनौषधींचा भ्रम

१/ परीक्षांचे दिवस आले की स्मरणशक्ती वाढवणाऱ्या आणि मन शांत करणाऱ्या चूर्णांच्या जाहिरातींना पूर येतो. ‘वनस्पतीजन्य, म्हणून निर्धोक’ आणि ‘हजारो वर्षे सिद्ध’ ही त्यांची ठरलेली दोन वाक्ये. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन्हींकडे संशयानेच पाहावे, असे माझे मत आहे. म्हणून आजचा थ्रेड सर्पगंधेचा.

२/ छोटेसे झुडूप, औषध मुळीत. बिहारमध्ये ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई. शास्त्रीय नाव मात्र सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य राउवोल्फ याच्यावरून पडले. (हे गृहस्थ बगदादपर्यंत पोहोचले होते, हिंदुस्थानात कधीच आले नाहीत!)

३/ १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाबावरील या मुळीच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले.

४/ यानंतर येते आपली मुंबई. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी घेतली. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये १९४९ साली ती छापून आली आणि मग कुठे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत ‘रेसरपीन’ वेगळे झाले; १९५४ मध्ये अमेरिकेतील नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

५/ आता दुसरी बाजू. रेसरपीन मज्जापेशींतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन यांचे साठे रिते करते. अस्वस्थता शमते ती त्यामुळेच. परंतु काही रुग्णांना कंपवातासारखी लक्षणे जडली, काहींना खोल विषण्णतेने ग्रासल्याच्या नोंदी झाल्या. विषण्णतेचा दोष औषधाचाच का, यावर पुढे वाद झाला, हेही सांगितले पाहिजे. तरीही मुळी तीच, गुण तिचाच आणि अपायही तिचाच.

६/ ‘पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ म्हणणारे आणि ‘झाडपाला म्हणजे थोतांड’ म्हणणारे, दोघेही या कथेतून वकील आणि सिद्दिकी यांना वगळतात. पहिल्यांना चाचणीची गरज वाटत नाही, दुसऱ्यांना मुळीची. मला पहिला गट अधिक घातक वाटतो, कारण तो रात्री झोप न लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती मात्रा न सांगता डबी देतो.

७/ पुढील थ्रेड ब्राह्मीवर. बंगालात आणि केरळात जिला ब्राह्मी म्हणतात, ती अन्यत्र अनेक ठिकाणी त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या मंडूकपर्णीहून सर्वस्वी वेगळी वनस्पती आहे. तोवर घरातल्या डबीवर नेमके कोणते नाव छापले आहे, ते पाहून ठेवा.