भेट देण्याआधी माप घ्या



सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. लागोपाठच्या दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवसांचे अंतर असते. त्याला १००० ने गुणा आणि आलेल्या दिवसांना ३६५.२५ ने भागा. उत्तर येते ८०.८५, म्हणजे ८० वर्षे आणि सुमारे १० महिने. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला एक्क्याऐंशीवे वर्ष चालू असते ते या हिशेबाने.

माझ्या आत्याचा हा सोहळा झाला तेव्हा तिला अकरा शाली मिळाल्या. मी विज्ञान शिकवणारा माणूस, म्हणून मी शाल नेली नाही. मी दोन लिटरांचा मोठा थर्मास नेला. रात्री गरम पाणी हाताशी राहील, हा विचार. दोन महिन्यांनी गेलो, तर थर्मास वेष्टनासकट कपाटावर. आत्या ओशाळून म्हणाली, "झाकण फिरत नाही रे बाबा. आणि भरल्यावर उचलवतही नाही." दोन लिटर पाण्याचेच वजन दोन किलो, वर थर्मासचे वेगळे. हे गणित तुम्हा कोणालाही सांगता आले असते. दुकानात उभे असताना ते मला सुचले नाही.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे. आजारी, थकलेल्या किंवा अपंग माणसाला भेट द्यायची असेल, तर दुकानात जाण्याआधी वही आणि मोजपट्टी घेऊन त्या माणसाजवळ एक दिवस बसावे. प्रयोगशाळेत आपण आधी निरीक्षण करतो, मग अनुमान काढतो. घरात मात्र आपण आधी खरेदी करतो, आणि निरीक्षण करायचे राहूनच जाते.

काठीचेच पाहा. आजोबांना नातवंडांनी काठी आणली असे आपण कौतुकाने सांगतो, पण तिची उंची कोणी मोजलेली असते का? माणसाने नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. जमिनीपासून मनगटाच्या वळीपर्यंतचे अंतर म्हणजे काठीची उंची. काठी लांब झाली तर खांदा वर उचलला जातो, आखूड झाली तर माणूस वाकतो. खालचे रबर झिजून गुळगुळीत झाले की ओल्या फरशीवर घर्षण कमी होते आणि आधाराची काठीच माणसाला पाडते. ते रबर थोड्या पैशांत बदलून मिळते. आजोबांच्या जुन्या काठीला नवे रबर, ही मला नव्या नक्षीदार काठीपेक्षा मोठी भेट वाटते.

आता एक प्रश्न. उजवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात धरावी? बहुतेक जण उजव्या हातात धरतात. ते चूक आहे. काठी डाव्या हातात हवी. याचे कारण तुमच्या तरफेच्या धड्यात आहे. चालताना आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या वेळी खुब्याचा सांधा हा टेकू होतो. एका बाजूला शरीराचे वजन, तर दुसऱ्या बाजूला खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू, अशी ती सी-सॉची फळी असते. स्नायू टेकूच्या जवळ आणि वजन दूर असल्याने स्नायूंना फार जोराने ओढावे लागते, आणि सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. विरुद्ध हातातली काठी टेकूपासून पुष्कळ दूर असते. तिथे हाताने थोडेसे दाबले तरी स्नायूंचे बरेच काम वाचते. त्याच बाजूच्या हातातली काठी टेकूला अगदी लागून असते, म्हणून तिचा उपयोग थोडा. काठी विकत आणणाऱ्याने एवढे समजावून दिले नाही, तर काठी असून नसल्यासारखी. (शस्त्रक्रिया झालेली असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तसेच करायचे.)

डोळ्यांचेही असेच. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर आणि धूसर होते. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोचतो. आपल्याला लख्ख वाटणारी खोली आजीला संधिप्रकाशातली वाटते. यावर उपाय म्हणून घरोघरी छताला मोठा दिवा लावतात. त्यापेक्षा लहान दिवा जवळ आणावा. अंतर निम्मे केले की कागदावर पडणारा प्रकाश चौपट होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही शिकता. तो परीक्षेत लिहून संपवू नका. मानेपाशी वाकवता येईल असा टेबलावरचा दिवा आणा. त्याचा उजेड कागदावर पडावा, डोळ्यांत नव्हे, कारण धूसर झालेल्या भिंगातून उजेड पसरतो आणि डोळे दिपतात. पोथी वाचणाऱ्या आजीच्या चौरंगाजवळ असा दिवा ठेवून पाहा आणि ती किती ओळी जास्त वाचते ते मोजा.

स्वयंपाकघरात अशा गोष्टी पदोपदी सापडतील. ओल्या हातातून निसटणारे गुळगुळीत फुलपात्र, त्याऐवजी कान असलेला कप. बोटे आखडली असतील तर चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करता येतो. मूठ पूर्ण मिटावी लागत नाही. पांढऱ्या बशीत पांढरा दहीभात दिसत नसेल, तर रंगीत बशी. मोरीतला गोल मुठीचा नळ काढून लांब दांड्याचा बसवला, की बोटांऐवजी कोपराने ढकलूनही पाणी सुरू होते. अक्षापासून जितके दूर ढकलावे तितके कमी बल पुरते. इस्पितळातल्या नळांना लांब दांडे असतात ते तुम्ही पाहिले असतील.

पण या सगळ्यात एक खाच आहे. माणसाला मदत करता करता त्याच्या हातचे कामच काढून घेणे आपल्याला फार लवकर जमते. आजीला नळ सोडता येत नाही, मग सून सोडते. पत्र लिहिता येत नाही, मग नातू लिहितो. सोय होते, पण आजीच्या मनात काय आहे ते आता नातवाला कळल्याशिवाय कागदावर येऊ शकत नाही.

याची एक जुनी हकिकत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाचा एक गृहस्थ होता. कॅरोलिना फँतोनी ही त्याच्या ओळखीची बाई. तिची दृष्टी गेली होती. दृष्टी नसलेल्या माणसाला तेव्हा पत्राचा मजकूर दुसऱ्या कोणाला तरी सांगावा लागे. तुर्रीने तिच्यासाठी अक्षरे उमटवणारे एक यंत्र बनवले. टंकलेखन यंत्राच्या अगदी पहिल्या नमुन्यांत त्याची गणना होते. शाई लागावी म्हणून त्याने काळा कागदही तयार केला. आपल्या कार्बन पेपरचा तो पूर्वज. यंत्र आज उरलेले नाही, पण त्यावर तिने लिहिलेली १८०८ सालची पत्रे जपून ठेवलेली आहेत. तुर्रीने तिची पत्रे स्वतः लिहून देण्याचा सोपा मार्ग धरला असता, तर तिला आपले म्हणणे आपल्यापुरते ठेवता आले नसते.

यावर काही शिक्षक म्हणतील, वाढदिवसाला काय कमोडची खुर्ची द्यायची? त्या माणसाला किती वाईट वाटेल! हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. चार पाहुण्यांसमोर रंगीत कागदात गुंडाळून न्हाणीघरातला आधाराचा दांडा देणे हा अपमानच आहे. अशा वस्तू सणाला द्यायच्या नसतात. आधी त्या माणसाला विचारायचे, मग गवंडी बोलावून एखाद्या साध्या मंगळवारी बसवून टाकायच्या. आणि सणाच्या दिवशी त्याला आवडणारे द्यावे. आजीला मोगऱ्याचा गजरा आवडत असेल तर गजरा. आजारी माणूस चोवीस तास आजारी नसतो. आणि तो नको म्हणाला, तर ते ऐकायचे. निरीक्षण करायचे म्हणजे पाळत ठेवायची नव्हे.

आता आत्याकडे परत येतो. तिची नात नववीत आहे. थर्मासची गोष्ट ऐकून तिने एका रविवारी आजीला सांगूनसवरून सकाळपासून नोंदी केल्या. किती वाजता काय केले, कुठे थांबली, उठताना हात कशावर टेकला. आम्हा मोठ्यांच्या कधीच लक्षात आले नव्हते असे एक वाक्य त्या वहीत होते: "पाच वाजल्यानंतर पाणी प्यायली नाही." का, असे विचारल्यावर आत्या म्हणाली, रात्री उठावे लागते. उठले की अंधार. दिव्याचे बटण दाराजवळ, खाटेपासून नऊ पावले. एकदा पडता पडता वाचली होती, हे तिने कोणालाही सांगितले नव्हते.

उतारवयात तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी तोडले की बद्धकोष्ठ होते, उठताना चक्कर येते, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो. काही हृदयरोग्यांना आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना डॉक्टरच पाणी मोजून देतात, तो भाग वेगळा. आत्याला तसे काही नव्हते. तिला भीती होती नऊ पावलांची.

जिन्यातला दिवा खालून लावून वरून मालवता येतो, तो दोन बटणांच्या जोडणीमुळे. तीच जोडणी वायरमनकडून करून घेतली. एक बटण खाटेच्या उशाशी, एक मोरीच्या दाराशी. वाटेत भिंतीला आत्याच्या कमरेच्या उंचीवर एक लाकडी दांडा ठोकला. उंची तिच्या नातीने मोजली. सगळा खर्च माझ्या थर्मासहून कमी आला.

नातीने ती वही पुढेही चालू ठेवली होती. दिवा बसवल्याच्या तिसऱ्या दिवशीची नोंद अशी आहे: "रात्री ८ वाजता. फुलपात्रभर पाणी. स्वतः मागितले."