पॅनलवरच्या शून्याची खातरजमा

जानेवारी २०१७ च्या अखेरीस लातूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका खाद्यतेल कारखान्यातली सांडपाण्याची टाकी साफ करताना नऊ कामगार गुदमरून मेले. आधी उतरलेले वर येईनात म्हणून त्यांना काढायला बाकीचे उतरले होते. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, शौचालयाच्या टाकीने पाच सफाई कामगार गिळले.

लातूर-नांदेड पट्ट्यात सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लँट आहेत, साखर कारखाने आणि त्यांच्या आसवन्या आहेत. धोक्याच्या जागी वायू ओळखणारे ट्रान्समीटर इथे हवेतच. पण भिंतीला पेटी ठोकली, वायर जोडली, बिल निघाले, एवढ्यावर काम संपले असे मानणे जिवाशी खेळणे आहे.

पहिला प्रश्न जागेचा. तेल काढायला वापरतात त्या हेक्झेनची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड असते. ती जमिनीलगत सरकते, गटारात आणि खड्ड्यात साचते. हवेत जेमतेम १.१ टक्का हेक्झेन मिसळले की एक ठिणगी पुरते. म्हणून सेन्सर जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, तोंड खाली करून, पंप आणि व्हॉल्व्हच्या जवळ बसला पाहिजे. मिथेन मात्र हलका, त्याचा सेन्सर वर छताकडे. सोयीची केबल जिथवर पोहोचते तिथे तो लावून टाकणे आम्हाला अक्षम्य वाटते.

दुसरा प्रश्न कॅलिब्रेशनचा. मिथेनवर जुळवलेला ज्वलनशील वायूचा सेन्सर हेक्झेनसमोर धरला, तर खऱ्या धोक्याच्या निम्म्याच्या आसपासच आकडा दाखवू शकतो. बसवणाऱ्याला विचारा, यंत्र कोणत्या वायूवर जुळवले आहे? उत्तर लेखी घ्या.

सर्वांत मोठा धोका शून्याचा. ट्रान्समीटर पॅनलकडे ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह पाठवतो. ४ म्हणजे शून्य, २० म्हणजे मोजपट्टीचे टोक. वायर तुटली तर प्रवाह ४ च्या खाली जातो आणि बिघाड कळतो. पण उत्प्रेरक मण्याचा सेन्सर सिलिकॉनयुक्त वंगणाच्या वाफेने किंवा हायड्रोजन सल्फाइडने मेला, तर प्रवाह ४ वरच थांबतो. स्वच्छ हवा आणि मेलेला सेन्सर पॅनलवर हुबेहूब सारखे दिसतात! ठरावीक प्रमाणाचा वायू बाटलीतून सेन्सरवर सोडायचा, आकडा चढतो का, हूटर वाजतो का ते पाहायचे, याखेरीज त्या शून्याची खात्री पटवणारा मार्ग नाही. ही चाचणी उभारणीच्या दिवशी कामगारांसमोर व्हावी आणि पुढेही ठरल्या तारखांना होत राहावी. गळीत हंगाम किंवा सोयाबीनचा हंगाम सुरू होण्याआधी तर नक्कीच. बंद काळात धूळ खात पडलेल्या सेन्सरवर कोणाचा जीव सोपवायचा?

आणि बाहेरच्या भिंतीवरचा उत्तम ट्रान्समीटरही टाकीच्या तळाचे काही सांगत नाही. तिथे गाळात हायड्रोजन सल्फाइड दबून असतो आणि ढवळले की सुटतो. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमाने सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा किंवा उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा मिळावा, असे सांगितले होते. टाकीत नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासायला हातातला मीटर लागतो. तपासणी काम चालू असतानाही थांबवायची नाही.

छोट्या कारखान्याला चाचणीचा वायू, मीटर, श्वसनयंत्र, माणूस वर ओढायची तिपाई हे सगळे परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच लातूर आणि नांदेड, दोन्हीकडच्या औद्योगिक वसाहतींत हा संच सामाईक ठेवावा, तो चालवणारा प्रशिक्षित माणूस नेमावा आणि त्याचा दाखला हातात पडल्याशिवाय एकही टाकी उघडू देऊ नये. कामगाराला उतरायला नकार देता यावा, आणि त्या दिवसाची मजुरी त्याची कापली जाऊ नये.