पिवळा दिवा आणि निदान

गाडीच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की माणसांचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो, ‘काही होत नाही, चालवत राहा.’ दुसरा गट संकेतांक वाचून घेतो आणि त्यात ज्याचा उल्लेख दिसेल तो भाग बदलून मोकळा होतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही या दुसऱ्या गटात होतो. आमची गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी, दुसऱ्या हाताची. आम्ही दोघे तीत बसून रोज सांगलीहून तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला जातो. अर्थ लावणे हाच ज्यांचा धंदा, त्यांनी एका दिव्याचा अर्थ लावण्यात काय गोंधळ घातला, ते सांगितल्याशिवाय पुढचे मत मांडण्याचा अधिकार आम्हांला नाही.

स्टिअरिंगच्या खाली सोळा टाचण्यांची एक खोबण असते. तिच्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथचा ठोकळा बसवला की मोबाइलवर संकेतांक उमटतो. आमच्याकडे उमटला पी ०१७१. या लिपीला व्याकरण आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर यांचा प्रांत. पुढचे शून्य सांगते की हा संकेतांक सर्व उत्पादकांना समान आहे. त्यानंतरचा १ म्हणजे इंधन व हवा यांचे मिश्रण. उरलेले दोन अंक नेमकी तक्रार सांगतात. पी ०१७१ची तक्रार अशी की मिश्रण विरळ आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पेट्रोल इंजिनाला एका भाग इंधनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण ढळले की काय, याची वार्ता धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर संगणकाला देतो.

‘ऑक्सिजन सेन्सर’ हे शब्द वाचले आणि आम्ही निर्णय दिला. शहरातल्या एका चकचकीत कार्यशाळेत तोच निर्णय छापील कागदावर मिळाला. सेन्सर बदलला, कित्येक हजार रुपये गेले. दिवा पुसून दिला गेला. आठव्या दिवशी तो पुन्हा लागला.

वास्तविक संकेतांकाने सेन्सर बिघडल्याचे कोठेही म्हटले नव्हते. सेन्सरला धुरात ऑक्सिजन जास्त दिसला, एवढेच त्याचे म्हणणे. साक्षीदाराने चोरी पाहिल्याचे सांगावे आणि आपण साक्षीदारालाच अटक करावी, तसे आम्ही केले. कवितेत ‘अंधार’ शब्द दिसताच ‘कवी निराशावादी आहे’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही वर्षानुवर्षे कापत आलो आहोत, हेही येथे कबूल केलेले बरे.

मग आम्ही आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना आम्ही मुद्दाम टाळले होते, कारण त्यांच्याकडे स्कॅनर नाही. त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिन आमच्यासमोर सुरू केले. ‘सर, ह्यो आवाज ऐकला का?’ (संकेतांक आमच्यापैकी मॅडमनी वाचला होता, बोलणेही त्यांनीच सुरू केले होते, तरी प्रश्न सरांना. असो.) बारीक टकटक ऐकू येत होती. इंजिन तापले तशी ती दबत गेली. त्यांनी पुन्हा थंड होऊ दिलेल्या इंजिनाच्या सायलेन्सरचे तोंड फडक्याने क्षणभर दाबून धरायला पोराला सांगितले आणि स्वतः बॉनेटखाली कान लावला. फुसफुस आली ती इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डच्या सांध्यातून. तेथे काजळीचा एक माग उमटलेला होता. पॅकिंग जळले होते.

या सांध्याचे कोडे मोठे रंजक आहे. धूर नळीतून सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी नळीतला दाब बाहेरच्या दाबाखाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या सेन्सरला तीच हवा दिसते. त्यावरून तो मिश्रण विरळ असल्याचे कळवतो आणि संगणक बिचारा पेट्रोल वाढवतो. मोबाइलवर ही वाढ टक्क्यांत दिसते. निवांत फिरणाऱ्या इंजिनावर ती पंचवीस टक्क्यांच्या पुढे होती, वेग वाढवला की पाच-सहावर येई, कारण धुराचा लोंढा वाढला की फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा घटतो. हे आकडे पहिल्या दिवसापासून आमच्या हातात होते. आम्ही ते पाहिलेच नाहीत. इंजिनाला मुळात पेट्रोल पुरेसेच मिळत होते. सेन्सर खोटे बोलत नव्हता आणि तरीही त्याच्या सांगण्यावरून झालेला निष्कर्ष खोटा होता. ॲव्हरेज का घटले होते, याचाही उलगडा झाला.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. तेथे ‘निदान’ म्हणजे रोगाचे कारण. आपण मराठीत या शब्दाने सगळी परीक्षाच सांगतो आणि त्या गडबडीत पुष्कळदा कारण तेवढे निसटते. आम्हांला विशेष वाटतो तो उपशय, म्हणजे एखादा उपचार करून पाहणे आणि त्याच्या परिणामावरून रोग ताडणे. भाग बदलून पाहणे हाही उपशयच. पण ही परीक्षा स्वस्त आणि परत फिरवता येण्याजोगी हवी. एका सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे, असे पी ०३०१ने सांगितले, तर पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहता येते. संकेतांक पी ०३०२ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. खर्च शून्य. हजारोंचा सेन्सर अंदाजाने बदलणे हा उपशय गिऱ्हाइकाच्या खिशावर केलेला प्रयोग आहे, आणि असे प्रयोग सर्रास चालतात.

एवढे झाल्यावर मिस्त्रींची आरती ओवाळावी असे वाचकांस वाटेल. तसे नाही. पॅकिंग बदलून झाल्यावर तेच म्हणाले, ‘परत लागलाच तर दिवाच काढून टाकू, डोक्याला ताप नको.’ अनुभवाच्या कानाला टकटक ऐकू येते, पण दिवा कोणासाठी लावलेला आहे हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. तो मालकाच्या सोयीसाठी जन्मलेला नाही. लॉस एंजेलिसच्या धूरयुक्त धुक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने १९८८च्या गाड्यांपासून ही स्वयंतपासणी लागू केली. तिची दुसरी, प्रमाणित आवृत्ती १९९६पासून सबंध अमेरिकेत सक्तीची झाली. आपल्याकडे ती टप्प्याटप्प्याने २०१० आणि २०१३ साली आली. धूर ठरलेल्या मर्यादेपलीकडे बिघडेल असा दोष दिसला की दिवा लागतो. तेव्हा तो आपल्यासाठी जितका आहे, तितकाच आपल्या मागे स्कूटरवर आईला बिलगून बसलेल्या पोरासाठी आहे. पीयूसीच्या वेळी आमच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून आकडे काढले जातात. फलकावर काय पेटले आहे, हे आम्हांला आजवर एकाही केंद्रावर कोणी विचारलेले नाही. दिवा काढणे इतके सोपे का वाटते, त्याचे एक कारण हे असावे.

जुनी गाडी घेणाऱ्यास हे आणखी महाग पडते. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. लागला नाही, तर कोणीतरी त्याचे तोंड बंद केलेले आहे. लागून विझला, तरी स्कॅनरवर स्वयंतपासण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत ते पाहावे. बहुतेक अपूर्ण दिसल्या, तर संकेतांक नुकताच पुसला गेला असण्याचा किंवा बॅटरी काढली गेली असण्याचा दाट संशय घ्यावा. आम्ही गाडी घेताना रंग पाहिला, टायर पाहिले आणि विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर विसंबलो. आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर घरी पोचण्याचा हट्ट सोडून गाडी बाजूला घ्यावी. न जळलेले पेट्रोल पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढते आणि त्याच्या किमतीपुढे सेन्सरची किंमत चहापाण्याची वाटते.

दिवा आम्ही या वेळी पुसू दिला नाही. दोष खरोखर गेला असेल, तर लागोपाठ तीन फेऱ्यांत तपासणी निर्दोष झाल्यावर तो आपोआप विझतो, असा या पद्धतीचा नियम आहे. मिस्त्रींचा यावर विश्वास बसला नाही. चौथ्या दिवशी आम्ही वाट वाकडी करून त्यांच्या दारात गेलो आणि किल्ली फिरवून दाखवली. दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. त्यांनी आत वाकून दोनदा पाहिले आणि तो ठोकळा केवढ्याला मिळतो म्हणून विचारले, मॅडमना. ॲव्हरेज अजून मोजायचे आहे, टाकी परवाच भरली.