घड्याळ गप्प आहे, म्हणजे बीपी नॉर्मल आहे का?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने अ‍ॅपल वॉचच्या उच्च रक्तदाबाच्या सूचनेला मंजुरी दिली. त्यानंतर "घड्याळ काही दाखवत नाही, मग बीपी कशाला मोजायचं?" हा प्रश्न वाढला आहे.

मुळात हे घड्याळ बीपी मोजत नाही. त्याच्या मागच्या बाजूचा प्रकाश प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या रक्तवाहिन्यांत होणारा बदल टिपतो. ३० दिवसांच्या नोंदी पाहून ते फक्त उच्च रक्तदाबाची शक्यता कळवते, आकडा देत नाही.

कंपनीच्याच चाचणीत उच्च रक्तदाब असलेल्या दर १०० जणांपैकी साधारण ४१ जण या सूचनेत पकडले गेले. उरलेल्या ५९ जणांचं बीपी वाढलेलं होतं, तरी घड्याळ गप्प होतं. नॉर्मल बीपी असलेल्या १०० पैकी सुमारे ८ जणांना मात्र विनाकारण सूचना गेली. म्हणून सूचना आली तर बीपी जरूर तपासा. नाही आली तर निर्धास्त राहू नका. उच्च रक्तदाबाचा बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे खोटा दिलासा महागात पडतो.

ही सोय गरोदर महिला, २२ वर्षांखालील व्यक्ती आणि बीपीचं निदान आधीच झालेल्यांसाठी नाही. घड्याळ शांत आहे म्हणून चालू गोळी बंद करणं ही मला सर्वांत धोकादायक चूक वाटते.

बाजारात सुई न टोचता साखर दाखवणारी स्वस्त घड्याळंही मिळतात. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं होतं. त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवला तर साखर एकदम उतरू शकते.

बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात हृदयाच्या पातळीवर असू द्या. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे या.