घड्याळ पळतंय, पळू दे!

ऑनसाइटला जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राला विचारा, अमेरिकेतल्या छोट्या गावातली माणसं शुक्रवारी संध्याकाळी जातात कुठे? मॉल नाही, पब नाही. थेट हायस्कूलच्या ग्राउंडवर! ऑगस्टच्या शेवटापासून थंडी पडेपर्यंत दर शुक्रवारी फ्लडलाइट लागतात, शाळेचा बँड वाजतो आणि अख्खं गाव पोरांचं फुटबॉल बघायला लोटतं. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे बरं का! डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लांबट बॉल आणि धडाधड एकमेकांवर आदळणं.

मी ओहायोत प्रोजेक्टवर होते तेव्हा या मॅचेसची जाम चटक लागली होती. आणि तिथे मला सगळ्यात काय आवडलं असेल, तर एक नियम. रनिंग क्लॉकचा. लोक त्याला मर्सी रूल म्हणतात, म्हणजे दयेचा नियम.

आधी साधं गणित. हायस्कूलची मॅच १२ मिनिटांच्या चार क्वार्टर्सची. म्हणजे खेळ ४८ मिनिटांचा, पण घरी पोचायला अडीच तास सहज लागतात. कारण यांचं घड्याळ सारखं थांबतं. पास कुणी झेलला नाही? थांबलं. बॉल घेऊन पोरगा लाइनच्या बाहेर गेला? थांबलं. पॉइंट झाले? थांबलं. चुरशीच्या मॅचमध्ये हीच तर मजा. शेवटची ४० सेकंदं दहा मिनिटं चालतात आणि आपण नखं खात बसतो.

पण स्कोअर ३७-० असेल तर? मग तीच थांबणारी सेकंदं हरणाऱ्या पोरांच्या जिवावर उठतात. दमलेली, मार खाल्लेली १५-१६ वर्षांची मुलं, समोर त्यांच्या दीडपट वजनाची पोरं, आणि घड्याळ काही पुढे सरकेना. दमलेल्या अंगाला लागण्याची भीती जास्त, हे सांगायला डॉक्टर नको.

इथे रनिंग क्लॉक येतं. ओहायोत सेकंड हाफमध्ये फरक ३० पॉइंट्सचा झाला की घड्याळ पळायला लागतं. पास हुकला तरी पळतं, बॉल बाहेर गेला तरी पळतं. टाइमआउट घेतला किंवा कुणाला लागलं, तरच थांबतं. पॉइंट झाल्यावर थांबायचं की नाही, हे राज्याराज्यात वेगळं. मिशिगनमध्ये आकडा ३५ आहे. म्हणजे पाच टचडाउन आणि प्रत्येकावरचा एकेक जादा पॉइंट. देशभरच्या हायस्कूल खेळांचे नियम करणाऱ्या फेडरेशनने हा हिशेब राज्यांवर सोडलाय. आणि गंमत म्हणजे ओहायोत हरणाऱ्यांनी उसळी मारून फरक ३० च्या आत आणला, की घड्याळ पुन्हा नेहमीसारखं. दार बंद नाही, नुसतं लोटलेलं.

आपल्याकडे मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. टेक्ससमध्ये लहान शाळा सहा-सहा जणांचं फुटबॉल खेळतात, तिथेही हाफटाइमला किंवा त्यानंतर ४५ चा फरक पडला की सामान आवरा. रनिंग क्लॉक तसं नाही. मॅच पूर्ण होते. कुणालाही 'बास, तुम्ही घरी जा' असं म्हणत नाहीत. चारही क्वार्टर खेळून पोरं बाहेर येतात, हात मिळवतात. फक्त लवकर.

आता तुम्ही म्हणाल, यासाठी नियम कशाला? जिंकणाऱ्या कोचला अक्कल नाही का? असते बहुतेकांना. मुख्य खेळाडू बसवायचे, पास बंद करायचे, बॉल हातात घेऊन सरळ पळायचं, हे न लिहिलेलं सगळ्यांना माहीत असतं. पण सगळे पाळत नाहीत ना!

ऑक्टोबर २०२१, कॅलिफोर्निया. इंगलवुड हायस्कूलने मॉर्निंगसाइडला हरवलं १०६-० ने. टायपो नाही, एकशे सहा! पहिल्याच क्वार्टरला ५९-० होते. रनिंग क्लॉकची विनंती केली होती पण समोरच्यांनी ऐकली नाही, असं मॉर्निंगसाइडच्या कोचने तेव्हा सांगितलं. इंगलवुडच्या एकाच क्वार्टरबॅकने १३ टचडाउन पास टाकले. १०४-० झाल्यावरही एका पॉइंटची साधी किक न मारता त्यांनी दोन पॉइंट्सचा डाव खेळला. मग देशभर बोंब झाली आणि शाळेला माफी मागावी लागली.

मला यातली खटकलेली गोष्ट आकडा नाही. खटकली ती विनंती. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यापाशी जाऊन 'जरा लवकर आटपता का?' म्हणायचं, आणि त्याने हो-नाही ठरवायचं. ही कसली दया? नियमातून आपोआप मिळालं की कुणापुढे हात पसरावा लागत नाही. स्कोअरबोर्डवर आकडा लागतो, अंपायर खूण करतो, घड्याळ पळतं. हरणारा कोच मान ताठ ठेवून पोरांना पुढचा प्ले सांगत राहतो.

काहींनी उलटा रस्ताही धरून पाहिला. कनेटिकटने २००६ मध्ये ठरवलं, ५० हून जास्त फरकाने जिंकलात तर कोच पुढच्या मॅचला घरी. ऐकायला भारी, पण यात सगळी नजर कोचच्या शिक्षेवर. मैदानावर दमलेल्या पोराचा एक मिनिटही कमी होत नाही. तो होतो घड्याळाने.

अर्थात, फुकट काहीच नसतं. रनिंग क्लॉकची किंमत बेंचवरची पोरं मोजतात. वर्षभर प्रॅक्टिसला घाम गाळायचा आणि एकतर्फी मॅचमध्येच काय ते दहा मिनिटं आत जायचं, असं ज्यांचं नशीब, त्यांची दहाची चार होतात. एका मॅचला माझ्या शेजारी अशाच एका मुलाची आई बसली होती. मुलगा आत गेला, तीन प्ले झाले, मॅच संपली. ती म्हणाली, 'त्याचा युनिफॉर्म तरी मळला!' हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

तरीही माझं मत घड्याळाच्या बाजूने. फक्त जिंकणाऱ्या कोचने बेंच शेवटच्या मिनिटाला नाही, तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच मोकळा करावा. तेवढं त्याच्या हातात असतंच.

तेव्हा पुढच्या सीझनला ऑनसाइट लागलं, तर एक शुक्रवार राखून ठेवा. जाकीट न्या, थंडी बेकार असते. आणि फरक ३० च्या वर गेला म्हणून पार्किंगकडे पळू नका. आता आत आलेल्या पोरांसाठी टाळ्या वाजवणारं कुणीतरी लागतं.